पोकळीची राखण

लांकडी सांच्यावर कांचतंतूंचें कापड पसरलेलें आहे. त्या कापडाला रेझीन, म्हणजे कृत्रिम राळ, माखलेली आहे; आणि त्या सर्वांवर प्लॅस्टिकचा एक पातळ पारदर्शक पडदा घालून त्याच्या कडा चिकट पट्टीनें सांच्याच्या कांठाला पक्क्या बसविलेल्या आहेत. पडद्याला जोडलेल्या नळीचें दुसरें टोंक जुन्या रेफ्रिजरेटरमधून काढलेल्या कॉम्प्रेसरला लावलेलें आहे. कळ दाबतांच तो घुमूं लागतो. पडदा प्रथम सुरकुततो, मग ताणला जातो, आणि पाहतां पाहतां सांच्याच्या प्रत्येक उंचवट्याला व खळगीला ओल्या वस्त्राप्रमाणें बिलगून बसतो. घरच्या पडवींत किंवा गच्चीवरील खोलींत बसून होडीचें सुकाणूं, ग्लायडरच्या प्रतिकृतीचा पंख किंवा एखादी हलकी फळी तयार करणाऱ्या हौशी कारागिराला हें दृश्य नित्याचें आहे.

पाहणारा सहजच म्हणतो कीं, पंपानें पडदा ओढून घेतला. ही समजूत स्वाभाविक आहे, पण खरी नाहीं. पंप कांहींच ओढीत नाहीं. तो आंतल्या हवेला बाहेर जाण्यास वाट करून देतो, एवढेंच. पडदा दाबून धरते ती बाहेरची हवा. ही साधी गोष्ट ध्यानीं येण्यास विद्वानांना दोन हजार वर्षें लागलीं. आणि ती ध्यानीं आल्यावर पुढचीं तीनशें वर्षें एकाच शत्रूशीं झगडण्यांत गेलीं. त्या शत्रूचें नांव गळती. घरांतील लहानशा पंपाचा इतिहास हा खरें पाहतां या दोन गोष्टींचा इतिहास आहे: हवेला वजन आहे हा शोध, आणि केलेली पोकळी राखावी कशी ही विवंचना.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानें पोकळी असूंच शकत नाहीं असें प्रतिपादन केलें, आणि युरोपांतील विद्यापीठांनीं तें मत शतकानुशतकें उचलून धरलें. निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे, म्हणून पंपाचा दट्ट्या वर ओढला कीं पाणी त्याच्या मागोमाग धांवतें, अशी उपपत्ति लावली जात असे. ही उपपत्ति सोयीची होती. तिच्यांत अडचण एकच होती. विहिरींवर व खाणींत काम करणाऱ्यांना अनुभवानें ठाऊक होतें कीं, पंप कितीहि उत्तम असला तरी तो पाणी सुमारें दहा मीटरांपलीकडे वर आणीत नाहीं. मग निसर्गाचा तिटकारा दहा मीटरांवर येऊन संपतो कीं काय? गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत या मर्यादेचा उल्लेख केला. परंतु लांब दोर जसा स्वतःच्या भारानें तुटतो तसा पाण्याचा स्तंभहि तुटत असावा, असें त्यानें मानलें. प्रश्न त्याला दिसला होता. उत्तर मात्र हातांतून निसटलें.

तें उत्तर गॅलिलिओच्या अखेरच्या महिन्यांत त्याच्याजवळ राहिलेल्या टॉरिचेलीला सांपडलें. पाण्याऐवजीं त्याहून साडेतेरा पट जड असा पारा घेतला, तर दहा मीटरांची उंच नळी उभारण्याचें कारण उरत नाहीं, हें त्यानें ओळखलें. एका बाजूनें बंद असलेली कांचेची नळी पाऱ्यानें भरून पाऱ्याच्याच भांड्यांत उलटी केली, तेव्हां पारा खालीं उतरला आणि सुमारें ७६ सेंटिमीटरांवर येऊन थांबला. वर राहिली ती पोकळी. हा प्रयोग त्याचा सहकारी विव्हियानी याच्या हातून झाला, आणि १६४४ च्या जून महिन्यांत टॉरिचेलीनें रोममधील आपला मित्र रिची यास पत्र लिहून त्याचा अर्थ कळविला. मनुष्य हवेच्या महासागराच्या तळाशीं राहतो, आणि त्या सागराचें वजनच पाऱ्याला नळींत उचलून धरतें, हा त्या पत्राचा आशय होता. तिटकाऱ्याची जागा तराजूनें घेतली.

हवेला वजन असेल, तर पर्वतावर चढून गेलें असतां तें कमी भरलें पाहिजे. फ्रान्समध्यें पास्कालनें हा विचार केला. पण तो स्वतः प्रकृतीनें दुर्बळ असल्यामुळें त्यानें आपला मेहुणा पेरिए याजकडे ही कामगिरी सोंपविली. १९ सप्टेंबर १६४८ रोजीं पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्युइ द डोम हा डोंगर चढला. तशीच दुसरी नळी त्यानें खालीं क्लेरमाँ गांवांतील मठाच्या बागेंत ठेवून तेथील एका साधूस दिवसभर तिजवर लक्ष ठेवण्यास बसविलें होतें. डोंगराच्या माथ्यावर पारा सुमारें साडेआठ सेंटिमीटरांनीं उतरला. खालची नळी मात्र दिवसभर जशीच्या तशी होती. महाराष्ट्रांतहि हा प्रयोग कोणास करून पाहतां येईल. मुंबईच्या किनाऱ्यावर जो पारा ७६ सेंटिमीटरांच्या आसपास असतो, तो पुण्यास सुमारें ७१ वर आणि महाबळेश्वरास सुमारें ६५ वर येतो. म्हणूनच महाबळेश्वरीं कोणीं उत्तमांतला उत्तम पंप लावला, तरी मुंबईइतका दाब त्याला कधींच मिळणार नाहीं. तेथें पंपांत न्यून नसतें. डोक्यावरचा सागरच तेवढा उथळ असतो.

येथपर्यंत पोकळी झाली ती पाऱ्याच्या नळीच्या टोंकाशीं, बोटभर जागेंत. तिच्यांत कांहीं ठेवतां येत नव्हतें, कीं तिजकडून कांहीं काम करून घेतां येत नव्हतें. वाटेल त्या भांड्यांतील हवा काढून टाकण्याचें यंत्र जर्मनींतील माग्डेबुर्ग शहराच्या एका नगराध्यक्षानें तयार केलें. त्याचें नांव ऑटो फॉन गेरिके.

हा मनुष्य केवळ जिज्ञासेच्या विलासांत वाढलेला नव्हता. तीस वर्षांच्या युद्धांत, १६३१ च्या मे महिन्यांत, बादशाही सैन्यानें माग्डेबुर्ग लुटून जाळलें. सुमारें वीस हजार माणसें प्राणास मुकलीं. गेरिके कुटुंबासह जिवानिशीं सुटला. मालमत्ता सर्व गेली. पुढें त्याच राखेच्या ढिगावर शहर पुन्हां उभारण्याच्या कामांत त्यानें स्थापत्यज्ञ म्हणून भाग घेतला, आणि १६४६ सालीं तो नगराध्यक्ष झाला. शहराच्या हक्कांसाठीं राजदरबारीं खेटे घालणें हा त्याचा व्यवसाय, आणि पोकळीचा शोध हा त्याचा छंद होता.

त्यानें प्रथम बिअरचें एक पिंप घेतलें, तें पाण्यानें भरलें, आणि आग विझविण्याच्या पिचकारीसारख्या पितळी पंपानें तें पाणी खालून उपसावयास सुरुवात केली. पाणी गेलें कीं मागें पोकळी राहील, असा त्याचा हिशेब होता. तीन दणकट माणसें दट्ट्या ओढीत होतीं. परंतु पाणी कमी होऊं लागतांच पिंपांतून उकळत्या पाण्यासारखा आवाज येऊं लागला. लांकडाच्या छिद्रांतून हवा आंत शिरत होती. गेरिकेनें तें पिंप पाण्यानें भरलेल्या दुसऱ्या मोठ्या पिंपांत बुडविलें. या वेळीं आवाज पक्ष्यांच्या किलबिलाटासारखा बारीक आला, पण आला खरा, आणि तो तीन दिवस चालला. उघडून पाहतां लांकडांतून झिरपलेलें पाणी व हवा आंत आढळली. गळतीशीं मनुष्याची ही पहिली झुंज होती, आणि तींत लांकूड हरलें.

मग त्यानें तांब्याचा गोल करविला. हवा बहुतेक निघाली असें वाटत असतांच तो गोल मोठा आवाज करून चिंधी चुरगळावी तसा चुरगळला. गेरिकेनें ताडलें कीं, गोल पुरता वाटोळा नव्हता. जेथें तो चपटा होता तेथेंच हवेच्या भारानें त्याला चिरडलें. दुसरा गोल अधिक काळजीपूर्वक घडविण्यांत आला, आणि तो टिकला. १६५४ सालीं रेगेन्सबुर्ग येथील राजसभेस तो शहराच्या कामासाठीं गेला असतां बादशहा तिसरा फर्डिनंड याच्यासमोर त्यानें हे प्रयोग करून दाखविले.

माग्डेबुर्गच्या अर्धगोलांचा प्रसिद्ध प्रयोग १६५७ सालचा आहे. सुमारें अर्धा मीटर व्यासाचे दोन तांब्याचे अर्धगोल, मध्यें मेण व टर्पेंटाइन यांत भिजविलेलें चामड्याचें कडें, आणि आंतली हवा काढलेली. दोन्ही बाजूंस आठ आठ घोडे जुंपले तरी ते अर्धगोल मोठ्या प्रयासानेंहि सुटेनात. तोटी उघडून हवा आंत सोडली कीं मात्र ते हातानें अलग होत. एवढ्या गोलावर बाहेरील हवेचा जोर सुमारें दोन हजार किलोग्रॅम होतो. सोळा घोड्यांचा देखावा प्रेक्षकांसाठीं होता. एक बाजू भिंतीला बांधली असती तर आठ घोड्यांनींहि तेवढेंच काम झालें असतें. प्रेक्षकांनीं घोडे पाहिले; परंतु त्या देखाव्याची सारी मदार चामड्याच्या त्या कड्यावर होती.

गेरिकेच्या प्रयोगाची वार्ता इंग्लंडांत पोंचली, तेव्हां रॉबर्ट बॉइल यानें रॉबर्ट हूक या कुशल सहाय्यकाकडून १६५९ सालीं नवा पंप करविला. त्याला कांचेचें मोठें पात्र होतें, त्यामुळें आंत काय घडतें हें डोळ्यांनीं पाहतां येऊं लागलें. मेणबत्ती विझते, घड्याळाची टिकटिक क्षीण होते, पक्षी तडफडतो, हीं दृश्यें प्रथम त्या पात्रांत दिसलीं. पितळी नळकांड्यांत चामड्याचा दट्ट्या दांतेरी चक्रानें खालींवर होत असे, आणि फटी बुजविण्यासाठीं त्यावर स्वयंपाकघरांतलें खाण्याचें तेल ओतीत असत. १६६० सालीं बॉइलनें या प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्यावर दुसऱ्याच वर्षीं तत्त्ववेत्ता टॉमस हॉब्ज यानें हल्ला चढविला. त्याचें म्हणणें असें कीं, हें यंत्र गळतें. बारीक हवा त्यांत सतत शिरते. मग त्यांतल्या प्रयोगांवरून पोकळीविषयीं सिद्धांत कसे काढावे? हा केवळ वितंडवाद नव्हता. पंप खरोखरच गळत होता, आणि बॉइलनेंहि तें आपल्या ग्रंथांत लपविलें नव्हतें. फरक एवढाच कीं, गळती आहे म्हणून हॉब्जनें यंत्रच त्याज्य ठरविलें. बॉइलनें गळती किती आहे, तिचा परिणाम कोठवर पोंचतो, हें पाहून ती कमी करण्याचा मार्ग धरला. संपूर्ण पोकळी मिळत नाहीं म्हणून अपुरी पोकळी निरुपयोगी ठरत नाहीं, हा त्या वादाचा खरा निकाल होय. घरच्या कारागिराला तर याचें महत्त्व विशेष आहे, कारण त्याचें काम पुष्कळदां अर्ध्या पोकळीवरच भागतें.

हवेच्या वजनाकडून उद्योगांत काम करून घेण्याचा पहिला मोठा मान लोखंडी सामानाचा इंग्रज व्यापारी टॉमस न्यूकमेन याचा. १७१२ सालीं चालूं झालेल्या त्याच्या एंजिनांत वाफ थंड करून नळकांड्यांत पोकळी करीत, आणि वरील हवा दट्ट्या खालीं दाबीत असे. नळकांडें आणि दट्ट्या यांमधील फट बुजविण्यासाठीं त्यानें दट्ट्यावर पाण्याचा एक थर राखला. जेथें चामडें अपुरें पडलें तेथें पाणी कामास आलें.

परंतु गळतीला कमी लेखलें असतां काय होतें, याचा सर्वांत बोलका दाखला इझम्बार्ड ब्रुनेल या थोर स्थापत्यज्ञानें मागें ठेवला आहे. इंग्लंडच्या दक्षिण डेव्हन भागांत त्यानें एंजिनावांचून चालणारी रेल्वे बांधली. रुळांच्या मधोमध लोखंडी नळ होता. कांहीं मैलांच्या अंतरावर उभारलेल्या पंपघरांतून त्या नळांतील हवा काढीत. आणि नळांतील दट्ट्या मागील हवेच्या दाबानें पुढें जातांना गाडी ओढून नेई. दट्ट्या गाडीला जोडावयाचा म्हणून नळाला वर सलग चीर ठेवावी लागली, आणि ती चीर चामड्याच्या झडपेनें झांकली होती. १८४७ च्या सप्टेंबरांत प्रवाशांची वाहतूक सुरूं झाली. गाड्या धुरावांचून, खडखडाटावांचून, आणि प्रसंगीं तासाला शंभर किलोमीटरांच्या वेगानें धांवल्या. प्रवासी संतुष्ट होते. पण चामडें उन्हांत वाळून ताठ होई, थंडींत गोठे, जागजागीं फाटे. आणि मैलोगणती लांबीच्या त्या चिरेंतून हवा आंत शिरे. ती बाहेर काढण्यासाठीं पंपघरें अधिक वेळ चालवावीं लागत, आणि कोळशाचा खर्च हिशेबाबाहेर जाई. १८४८ च्या सप्टेंबरांत, वर्षभरांतच, ती पद्धति सोडून देण्यांत आली, आणि भागधारकांचा पैसा त्या चिरेंत गेला. ब्रुनेलचे पंप लहान नव्हते, कीं त्याचें तत्त्व चुकीचें नव्हतें. मोठा पंप हें गळतीवरचें औषध नव्हे, एवढाच धडा त्या झडपेनें शिकविला.

पुढचें पाऊल पडलें तें चामडेंच काढून टाकल्यामुळें. १८५५ च्या सुमारास बॉन येथील कांचकारागीर गाइस्लर यानें आणि १८६५ सालीं लंडनमध्यें स्प्रेंगेल यानें असे पंप केले कीं, ज्यांत दट्ट्याचें काम पारा करी. स्प्रेंगेलच्या पंपांत उभ्या अरुंद नळींतून पाऱ्याचे थेंब एकामागून एक पडत, आणि प्रत्येक थेंब आपल्यापुढें हवेचा एक लहानसा तुकडा ढकलून नेई. पारा कांचेला सर्व बाजूंनीं बिलगतो, म्हणून फट राहत नाहीं. याच पंपांमुळें विजेचा दिवा शक्य झाला. इंग्लंडांत स्वॉन यानें कोळशाच्या तंतूचे दिवे बराच आधीं करून पाहिले होते. परंतु आंत राहिलेल्या हवेमुळें ते टिकेनात. १८७९ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत एडिसनचा दिवा तेरा तासांहून अधिक जळला, तेव्हां त्याच्या फुग्यांतील हवा सुमारें दशलक्षांश एवढीच उरली होती.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जर्मन शास्त्रज्ञ वोल्फगांग गेडे यानें फिरत्या पंपाला नवें रूप दिलें. गोल पोकळींत किंचित् एका बाजूस बसविलेला फिरता दंडगोल, त्याच्या खांचेंत सरकणाऱ्या पट्ट्या, आणि सर्व फटी भरून काढणारें तेल, अशी त्या जातीच्या पंपांची रचना असते. पट्टी फिरतां फिरतां हवेचा एक घांस पकडते, दाबते आणि झडपेंतून बाहेर टाकते. बॉइलच्या पंपांतलें तेलच येथें पुन्हां भेटतें; फक्त आतां तें वरून ओतावें लागत नाहीं. याच काळांत घरगुती रेफ्रिजरेटरचा विकास झाला. १९२७ सालीं अमेरिकेंत बाजारांत आलेल्या एका प्रसिद्ध रेफ्रिजरेटरमध्यें मोटर व कॉम्प्रेसर हीं दोन्ही पोलादी डब्यांत बंद करून टाकलेलीं होतीं, म्हणजे बाहेर येणारा फिरता दांडा नाहीं आणि त्याच्या भोंवतालची गळतीहि नाहीं. अशा रीतीनें, एके काळीं बादशहाच्या दरबारीं दाखविलेलें कौतुक सामान्य गृहस्थाच्या स्वयंपाकघरांत येऊन बसलें.

तें हवेच्या दाबानें वस्तू घडविण्याच्या कामीं कसें लागलें, याची हकीकत वेगळी आहे. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत दोन पदार्थ पुढें आले: कांचेचे बारीक तंतु, आणि आपोआप घट्ट होणारी कृत्रिम राळ. या दोहोंच्या संयोगानें झालेलें द्रव्य हलकें व बळकट असतें, परंतु त्यांतलें बळ मुख्यत्वें तंतूंचें असतें. राळ त्यांना एकत्र धरून ठेवते. हातानें माखलेल्या कामांत राळ जरुरीपेक्षां जास्त राहते, आणि तींत हवेचे बुडबुडे अडकतात. जास्त राळ म्हणजे जास्त वजन, आणि बुडबुडा म्हणजे पुढें तडा जाण्याची जागा. म्हणून माल घट्ट होईपर्यंत सर्व बाजूंनीं सारखा दाबून धरणें अगत्याचें असतें. सपाट फळीवर वजनें ठेवतां येतील. होडीच्या वक्र पोटावर किंवा विमानाच्या पंखावर कशी ठेवावीं? पोलादी दाबसांचे करावे तर खर्च कारखान्यालाच झेपेल असा. हवा मात्र प्रत्येक बिंदूवर सारखीच आणि पृष्ठभागाशीं काटकोनांत दाबते. द्रव व वायु यांच्या दाबाचा हा नियम ज्यानें मांडला, तोच पास्काल डोंगरावरच्या प्रयोगाचा कर्ता होता.

वक्र प्लायवुड रबरी पिशवीच्या दाबानें घडविण्याची रीति दुसऱ्या महायुद्धाच्या आधींपासून विमानांच्या भागांसाठीं वापरांत आली होती. पोकळीच्या साह्यानें कोरड्या तंतूंमध्यें राळ खेचून घेण्याच्या एका पद्धतीला अमेरिकेंत १९५० सालीं मस्काट याच्या नांवें पेटंट मिळालें. २७ नोव्हेंबर १९५७ रोजीं जर्मनींतील श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या मार्गदर्शकांनीं बांधलेलें फीनिक्स नांवाचें ग्लायडर उडालें. कांचतंतूंच्या द्रव्याचें तें पहिलें विमान मानतात. त्यानंतरच्या दशकांत होड्या, ग्लायडर आणि प्रतिकृती बांधणाऱ्या हौशी मंडळींनीं ही विद्या घरीं आणली, आणि टाकून दिलेल्या रेफ्रिजरेटरच्या कॉम्प्रेसरला दुसरा जन्म दिला.

घरच्या या मांडणींत मागील तीनशें वर्षांचा प्रत्येक धडा पुन्हां भेटतो. सांच्याला मेण लावून त्यावर राळ माखलेलें कापड बसवितात. त्यावर मागाहून सोलून काढतां येईल असें नायलॉनचें वस्त्र, मग जादा राळेला वाट देणारा भोंकाभोंकांचा पातळ पापुद्रा, मग फुगीर जाड कापड, कीं ज्यांतून पडदा दाबला गेल्यावरहि हवेला वाट राहावी. आणि सर्वांवर पडदा. कडेला लांबीसारख्या मऊ, चिकट द्रव्याची पट्टी असते. गेरिकेच्या मेणचोपड्या चामड्याची ती वंशज होय. पडदा व पंप यांच्या मध्यें एक बंद भांडें ठेवतात. राळ नळींतून चढलीच तर ती त्या भांड्यांत अडकावी, पंपांत जाऊन घट्ट होऊं नये. हें भांडें स्वयंपाकघरांतली पातळ कांचेची बरणी असतां कामा नये. गेरिकेचा तांब्याचा गोल ज्यानें चुरगळला, तोच भार त्या बरणीवर येतो, आणि कांचेचे तुकडे चहूंकडे उडतात. आंतून पोकळ व कमकुवत सांचाहि असाच बसतो.

तो भार किती, हें हिशेबानेंच पटतें. ३० सेंटिमीटर रुंद व १२० सेंटिमीटर लांब अशा फळीचें क्षेत्रफळ ३६०० चौरस सेंटिमीटर. पंपानें आंतली अर्धी हवा काढली तरी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारें अर्धा किलोग्रॅम भार येतो. म्हणजे एकंदर सुमारें अठराशें किलोग्रॅम. पन्नास किलोच्या छत्तीस गोण्या त्या फळीवर सारख्या पसरून ठेवल्याप्रमाणें हें झालें. हातानें माखलेल्या कामाला एवढा दाब पुष्कळ होतो. उलट पॉलिएस्टर जातीच्या राळेवर अतिशय खोल पोकळी केली तर तिच्यांतील पातळ द्रव खोलीच्या उष्णतेंतच उकळूं लागतो, आणि जे बुडबुडे घालवावयाचे तेच नव्यानें निर्माण होतात.

म्हणून घरच्या कामांत मोठा पंप हें भूषण नव्हे. पडद्याखालील जागा थोडी असते. लहान पंप ती थोड्या वेळांत रिकामी करतो. त्यापुढें त्याला काम उरतें तें फक्त गळतीचें. जाणते कारागीर राळ कालविण्याआधीं संपूर्ण मांडणी कोरडीच करून पाहतात. पंप चालवावयाचा, दाबमापकाचा कांटा पुरता गेला कीं तोटी बंद करून पंप थांबवावयाचा, आणि दहा-पंधरा मिनिटें कांट्याकडे पाहत बसावयाचें. कांटा स्थिर राहिला तर पोकळी राखली गेली. तो परत येऊं लागला, तर कान लावून कडेकडेनें हिंडावयाचें. जेथें पट्टीखालीं चुणी राहिली असेल, तेथें बारीक शीळ ऐकूं येते. गेरिकेला पिंपांतून ऐकूं आलेली पांखरांची किलबिल ती हीच.

ही परीक्षा आधीं कां करावयाची, याचें कारण कठोर आहे. राळ एकदां कालविली कीं ती कोणासाठीं थांबत नाहीं. कांहीं मिनिटांत किंवा फार तर तासा-दोन तासांत ती घट्ट होऊं लागते, आणि भांड्यांत जास्त प्रमाणांत साठून राहिली तर स्वतःच्या उष्णतेनें धुमसूंहि लागते. त्या वेळीं पडद्याला छिद्र आहे असें कळलें, तर आठवड्यांचें सुतारकाम, सांचा आणि कापड सर्व एका शिळेपायीं वायां जातें. खोलींत मोकळी हवा खेळती असावी, हातांत मोजे असावे, आणि जुना कॉम्प्रेसर घ्यावयाचा तर त्यांतील वायु जाणत्या मेकॅनिककडून रीतसर काढवून मगच घ्यावा. कारण जुन्या यंत्रांतील कांहीं वायु पृथ्वीच्या ओझोनच्या कवचास घातक आहेत, आणि अलीकडच्या कित्येक यंत्रांतील वायु ज्वालाग्राही आहे.

गेरिकेचा अंत १६८६ सालीं हॅम्बुर्ग येथें झाला. पोकळी ही निसर्गाला असह्य अशी कांहीं भीषण वस्तु आहे, ही कल्पना त्यानें आपल्या पिंपांनीं व गोलांनीं मोडून काढली. पोकळी करतां येते; कठीण आहे तें तिला राखणें. शहर, रेल्वे, दिवा कीं घरांत घडविलेली एक लहान फळी, कोणत्याहि कामांत बळ बाहेरून फुकट मिळतें, पण तें टिकतें कडेच्या काळजीनें. घरच्या पडवींत पडदा बसवून कांट्याकडे शांतपणें पाहत बसलेला मनुष्य हें जाणतो. त्याचीं तीं दहा-पंधरा मिनिटें रिकामी गेलीं असें कोणीं समजूं नये. त्याच्या साऱ्या कामाचें बळ त्या वेळीं तपासलें जात असतें.